इजिप्तच्या ममींवरची रंगवलेली आच्छादनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयात ममीसमोर उभा राहिलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: "आत काय आहे?" वरच्या रंगवलेल्या मुखवट्यावरून, पंख पसरलेल्या देवीवरून, पायाशी काढलेल्या चित्रांवरून नजर घसरत जाते. पण ज्यांनी हे काम केलं त्यांच्या लेखी वरचं आच्छादन हे आतल्या देहाइतकंच, कधी कधी त्याहूनही महत्त्वाचं होतं. खालचे प्रश्न या आच्छादनांबद्दलचे आहेत.

रंगवलेलं आच्छादन म्हणजे नेमकं काय? शवपेटीच ना?

शवपेटी वेगळी. आच्छादन म्हणजे पेटीच्या आत, थेट गुंडाळलेल्या देहावर असलेली वस्तू. तिचे मुख्य प्रकार तीन. डोकं आणि छाती झाकणारा मुखवटा, संपूर्ण देहावर चढवलेलं कार्टोनाजचं कवच, आणि रंगवलेलं तागाचं कफन. त्याखेरीज काही काळात पेटीच्या आत ममीच्या अंगावर माणसाच्या आकाराची रंगवलेली लाकडी फळी ठेवत. रोमन काळात चेहऱ्याच्या जागी पट्ट्यांमध्ये बसवलेलं लाकडावरचं चित्र येतं.

कार्टोनाज हा शब्द पुढे सारखा येईल. कापडाचे किंवा जुन्या पपायरसचे थर सरस आणि चुनखडीच्या लेपाने एकमेकांवर बसवून, वाळवून केलेलं टणक कवच म्हणजे कार्टोनाज. हलकं, स्वस्त, हव्या त्या आकाराचं होणारं, आणि वरून रंगवायला गुळगुळीत.

ही प्रथा किती काळ चालली?

दोन हजार वर्षांहून जास्त, पण सगळा वेळ एकसारखी नाही. कार्टोनाजचे मुखवटे इ.स.पू. २१०० च्या सुमारास दिसू लागतात. नव्या राज्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १५५० नंतर, मृतांच्या ग्रंथातले (परलोकात उपयोगी पडणाऱ्या मंत्रांच्या संग्रहातले) मंत्र लिहिलेली कफनं मिळतात. तिसऱ्या थुतमोस राजाचं असं कफन सापडलेलं आहे. त्याच्यावर चित्रांपेक्षा मजकूरच जास्त. इ.स.पू. ९०० च्या आसपास, बाविसाव्या राजवंशात, डोक्यापासून पायापर्यंत एकसंध कार्टोनाजची कवचं आली. टॉलेमी राजांच्या, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजघराण्याच्या काळात ते कवच सुट्या तुकड्यांत विभागलं गेलं: मुखवटा वेगळा, गळ्यातला हार वेगळा, पोटावरची पट्टी वेगळी, पावलांचा खोका वेगळा. रोमन काळात पुन्हा पूर्ण लांबीची कफनं आणि चेहऱ्याची चित्रं आली. इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत ख्रिस्ती धर्म पसरत गेला तसं हे सगळं थांबलं.

एकसंध कवच देहावर चढवायचे कसे? शिवण तर दिसत नाही.

समोरून दिसत नाही, कारण ती पाठीमागे आहे. आधी माती आणि भुश्याचा माणसाच्या आकाराचा साचा करत. त्यावर तागाच्या कापडाचे थर, सरस आणि लेप लावून चढवत. पाठीमागे वरपासून खालपर्यंत एक फट ठेवत. कवच थोडं ओलसर आणि लवचिक असतानाच आतली माती काढून टाकत आणि गुंडाळलेला देह त्या फटीतून आत सरकवत. मग फटीच्या दोन्ही कडांना भोकं पाडून दोरी ओवत आणि चोळीची नाडी आवळावी तशी ती आवळून बांधत. पावलांखाली लाकडी फळी खुंट्यांनी बसवत. रंगकाम वरून होई.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. एकदा हे कवच वाळलं की ते मोडल्याशिवाय आतला देह बाहेर काढता येत नाही. म्हणजे ते पुन्हा उघडायचं नाही हे धरूनच बनवलेलं असे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये लोकांसमोर ममी उलगडण्याचे कार्यक्रम होत, तेव्हा अशा वस्तूंचं काय झालं असेल ते सांगायला नको.

सुदैवाने काही कवचं न उघडता राहिली. कर्नाकच्या मंदिरातला नेस्पेरेन्नुब नावाचा पुजारी इ.स.पू. ८०० च्या सुमारास वारला. त्याचं कवच ब्रिटिश म्युझियममध्ये अजून बंद आहे, आतला देह सीटी स्कॅनने पाहिला गेला. त्याच्या डोक्याला मागून मातीचा एक वाडगा चिकटलेला दिसला. लेपाचं काम चालू असताना राळ वाडग्यासकट कवटीला घट्ट बसली आणि कारागिरांना ती निघेना. त्यांनी वाडगा तसाच ठेवून वर पट्ट्या गुंडाळल्या, कवच चढवलं आणि सुरेख रंगवलं. मुंबईकरांपैकी अनेकांनी हा नेस्पेरेन्नुब प्रत्यक्ष पाहिला आहे. २०१२-१३ मध्ये तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला होता.

रंग कशाचे? इतकी वर्षं टिकले कसे?

बहुतेक रंग दगडमातीचे, म्हणून टिकले. त्यातले निम्मे रंग आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांच्या पेटीतही होते. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती किंवा हरताळ, नारिंगी झाकेसाठी मनशीळ, काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुनखडीच्या जातीचे दगड. रोमन काळात शेंदूरही आला, आणि गुलाबी छटेसाठी मंजिष्ठेच्या मुळांचा रंग. हे सगळं डिंकात किंवा सरसात कालवायचं. वर जागोजागी सोन्याचा वर्ख.

निळ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला या सगळ्या कामातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. निळा दगड महाग. अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द राजाला परवडे, बाकीच्यांना नाही. मग इजिप्तच्या कारागिरांनी वाळू, चुनखडी, तांब्याचं खनिज आणि क्षार एकत्र करून साडेआठशे ते हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं आणि निळा रंग स्वतः तयार केला. माणसाने घडवलेल्या सर्वांत जुन्या रंगांपैकी हा एक. याचा आणखी एक गुण त्यांना कधीच कळला नसेल: साधा प्रकाश पडला की हा रंग डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. योग्य कॅमेऱ्यातून पाहिलं तर बाकी सगळं काळं आणि निळ्याचा प्रत्येक कण पांढरा चमकताना दिसतो. त्यामुळे काळवंडलेल्या, पुसट झालेल्या कफनावर मूळ निळा कुठे होता हे आज हात न लावता समजतं.

रंगांना अर्थही ठरलेले होते. देवांचं अंग सोन्याचं आणि केस लाजवर्दाचे असं मानलं जाई. म्हणून मुखवट्याचा चेहरा सोनेरी आणि केस निळे. मेलेला माणूस देवाच्या अंगाचा झाला, एवढं त्या दोन रंगांतच सांगून होतं. मृतांचा राजा मानलेल्या ओसायरिस देवाचा चेहरा हिरवा किंवा काळा, नाईलच्या गाळाचा आणि त्यातून उगवणाऱ्या पिकाचा.

पण एवढी चित्रं कशासाठी? शोभेसाठी का?

नाही. हा प्रश्न नीट समजला की बाकीचे अर्धे प्रश्न सुटतात.

देह टिकला पाहिजे, कारण आत्म्याला परत यायला जागा लागते, ही त्यांची मूळ श्रद्धा. पण देह सडतो, चोर त्याची नासधूस करतात, हे त्यांनाही दिसत होतं. म्हणून देहावर दुसरा देह चढवायचा: न सडणारा, न म्हातारा होणारा, डोळे कायम उघडे असलेला. आच्छादन हा तो दुसरा देह. त्यावरचं प्रत्येक चित्र एका ठरलेल्या धोक्याविरुद्ध, ठरलेल्या जागी उभं आहे. योग्य मंत्र म्हणत काढलेलं चित्र त्यांच्या लेखी खरोखर काम करत असे. रंगवलेली भाकरी पोट भरते, रंगवलेला डोळा बघतो, रंगवलेली देवी पंखाखाली घेते.

त्यामुळे एखाद्या आच्छादनावर "सुंदर नक्षी" अशी पाटी दिसली की मला वाईट वाटतं. ही नक्षी नव्हे, ही कामाला लावलेली माणसं आणि देव आहेत.

कुठलं चित्र कुठे असतं? डोक्यापासून पायापर्यंत सांगाल का?

प्रत्येक काळात आणि प्रत्येक गावात फरक आहे. तरी टॉलेमी काळातला एक नेहमीचा संच डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

डोक्याच्या माथ्यावर पंख असलेला भुंगेरा. हा शेणाची गोळी ढकलत नेणारा साधा किडा, पण त्या गोळीत त्यांना उगवणारा सूर्य दिसला आणि किड्यात खेप्री हा पहाटेचा देव. रात्री मेलेला सूर्य सकाळी पुन्हा उठतो, तसा हा माणूसही उठावा, म्हणून त्याला माथ्यावर बसवलेलं. चेहरा सोनेरी. डोळ्यांच्या कडा निळ्या-काळ्या, बुबुळं मोठी, पापण्या मिटलेल्या कधीच नाहीत.

मग छातीवर रुंद हार. ओळीमागून ओळ फुलांच्या पाकळ्या, कळ्या, थेंबाच्या आकाराचे मणी, आणि खांद्याशी दोन्ही टोकांना ससाण्याची मुंडकी. हाराच्या खाली पंख पसरलेली देवी गुडघे टेकून बसलेली, दोन्ही हात दोन बाजूंना लांब केलेले, पिसांच्या तीन-तीन रांगा, प्रत्येक पीस निळ्या-हिरव्या-तांबड्या पट्ट्यांनी वेगळं केलेलं.

तिच्या खाली, पोटाच्या पट्टीवर, होरस या देवाचे चार मुलगे दोन-दोन करून समोरासमोर उभे. माणसाच्या तोंडाचा इम्सेती यकृत सांभाळतो, बबून माकडाच्या तोंडाचा हापी फुप्फुसं, कोल्ह्याच्या तोंडाचा दुआमुतेफ जठर आणि ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ आतडी. हे अवयव मसाला भरताना बाहेर काढत, म्हणून त्यांच्यावर पहारा हवाच. टॉलेमी काळात ते वेगळ्या बरण्यांत ठेवण्याची चाल बरीच मागे पडली होती, तरी हे चौघे चित्रात आपल्या जागेवरून हलले नाहीत.

त्याखाली सिंहाच्या आकाराच्या पलंगावर आडवी ममी. तिच्यावर वाकलेला काळ्या कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, म्हणजे ममी करण्याच्या कामाचा देव, उशाशी नेफ्थिस, पायथ्याशी आयसिस. दोघी बहिणी शोक करतात, कारण ओसायरिस गेला तेव्हा त्यांनीच त्याचं अंग गोळा करून त्याला उठवलं होतं. इथे त्या मृतालाच ओसायरिस मानून तेच करतात. मधून खाली उतरणारा मजकुराचा उभा पट्टा. आणि शेवटी पावलांच्या खोक्यावर रंगवलेल्या चपला, अंगठ्यांची सोनेरी नखंसुद्धा.

जेद नावाचा खांब, ओसायरिसचा पाठीचा कणा, अनेकदा पाठीच्या बाजूला किंवा पेटीच्या तळाशी येतो. तो पाठीलाच का, हे सांगायची गरज नाही. बाविसाव्या राजवंशापासूनच्या पेट्यांमध्ये पायाच्या फळीवर पाठीवर ममी घेऊन धावणारा बैल दिसतो. तो एपिस, मृताला थडग्यापर्यंत पोचवणारा.

ती पंख पसरलेली देवी कोण? आयसिस की दुसरी कुणी?

दोन्ही शक्य आहेत. डोक्यावर सिंहासनाचं चिन्ह असेल तर आयसिस. गोल भांड्याचं चिन्ह असेल तर नूत, आकाशाची देवी आणि ओसायरिसची आई. नूतची प्रार्थना पिरॅमिडांच्या काळापासून चालत आलेली आहे: आई नूत, माझ्यावर पसर, मला न मरणाऱ्या ताऱ्यांमध्ये ठेव. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ती पूर्ण उंचीने काढलेली असते, म्हणजे आत झोपलेल्याची नजर थेट आईवर. चिन्हच नसेल तर मजकूर वाचावा लागतो.

सतराव्या राजवंशात, म्हणजे नव्या राज्याच्या जरा आधी, तर कारागिरांनी देवीला पूर्ण काढलंच नाही. पेटीभर नुसती पिसं रंगवली, गळ्यापासून घोट्यापर्यंत. मला ती फार आवडतात.

तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यावर मागे लिहिलेलं काय आहे?

मृतांच्या ग्रंथातला १५१ व्या मंत्राचा भाग, जो खास मुखवट्यासाठीच आहे. त्यात चेहऱ्याचा एकेक भाग देवांना वाटून दिलेला आहे. उजवा डोळा सूर्याची रात्रीची नौका, डावा डोळा दिवसाची नौका, भुवया म्हणजे नऊ देवांचा समूह, कपाळ अनुबिस, मान होरस. राजाचा मुखवटा सोन्याचा आणि गावच्या कारकुनाचा रंगवलेल्या कापडाचा, पण दोघांचं काम तेच. हा मंत्र वाचल्यावर कुठलाही मुखवटा नुसता चेहरा म्हणून बघता येत नाही.

हृदयावर भुंगेरा का ठेवत? माथ्यावर तर होताच.

हा वेगळा. मेल्यावर हृदय तराजूत तोललं जाणार, समोरच्या पारड्यात सत्याची देवी ‘मात’ हिचं पीस. हृदयाने सगळं खरं सांगितलं तर? म्हणून हिरव्या दगडाच्या भुंगेऱ्यावर ३० ब हा मंत्र कोरून तो छातीवर ठेवत. त्यात माणूस आपल्याच हृदयाला विनवतो: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. मृतांच्या ग्रंथात इतकी माणसाच्या मनातली भीती मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पावलांच्या तळव्याखाली बांधलेली माणसं का काढली आहेत?

ते शत्रू. हात पाठीमागे बांधलेले, कधी गुडघ्यांवर टेकलेले. मृत माणूस उठून चालायला लागला की पहिल्याच पावलाखाली ते चिरडले जाणार. राजाच्या पादत्राणांवर परदेशी शत्रू काढायची जुनी चाल होती, तुतनखामेनच्या थडग्यात तशी पादत्राणं मिळाली. टॉलेमी आणि रोमन काळात ती सामान्य लोकांच्या पावलांच्या खोक्यांपर्यंत आली. संग्रहालयात हे चित्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण त्यासाठी काचेच्या पायथ्याकडच्या बाजूने वाकून बघावं लागतं.

चित्रातल्या सापांची आणि प्राण्यांची त्यांना स्वतःलाच भीती वाटत नव्हती का?

वाटत होती! चित्र खरोखर काम करतं असं मानलं की ते वाईटही काम करू शकतं. मध्य राज्याच्या (नव्या राज्याआधीच्या कालखंडाच्या) उत्तरार्धातल्या काही दफनांमध्ये चित्रलिपीतले पक्षी पायांशिवाय काढलेले आहेत आणि सापांना शेपटी नाही. अक्षर वाचता येतं, पण ते जिवंत झालं तरी पळू शकत नाही. चित्रावरचा त्यांचा विश्वास किती गंभीर होता याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

त्याच काळातल्या चौकोनी पेट्यांवर डाव्या बाजूला बाहेरून दोन मोठे डोळे काढत. देह डाव्या कुशीवर झोपवलेला, तोंड पूर्वेला, आणि त्या डोळ्यांतून उगवता सूर्य दिसावा अशी सोय.

मुखवट्यावरचा चेहरा त्या माणसाचा खरा चेहरा असतो का?

मुखवट्यावर बहुधा नाही. तो देव झालेला चेहरा, तरुण आणि शांत. म्हाताऱ्या बाईच्या देहावरही तोच.

रोमन काळातली लाकडावरची चित्रं मात्र वेगळी. फायूम प्रदेशात, विशेषतः हवारा इथे, फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञांना १८८८ पासून अशी अनेक मिळाली. पातळ लाकडी फळीवर वितळवलेल्या मेणात कालवलेले रंग, ओठांवर ओलावा, केसांची त्या काळातली फॅशन, कानातले मोती, एखाद्या मुलाच्या डोक्यावर सोडलेली एकच बट. माणसं इतकी ओळखीची वाटतात की बघणारा खालचा भाग विसरतो. पण खाली पट्ट्यांवर किंवा कफनावर तेच जुने देव आहेत. हेराक्लिदेस नावाच्या तरुणाची ममी आज अमेरिकेत गेटी संग्रहालयात आहे. तिचं तांबडं कफन शेंदराने रंगवलेलं असून तो शेंदूर स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या खाणीतल्या शिशापासूनचा असल्याचं तपासणीत दिसलं. पट्ट्यांच्या आत पोटावर आयबिस पक्ष्याची ममीही ठेवलेली आहे. चेहरा रोमन पद्धतीचा, रंग स्पेनचा आणि सोबतीला विद्येच्या थॉथ देवाचा पक्षी.

कापडाची कफनं टिकली तरी कशी?

कोरड्या हवेमुळे, आणि कधी कधी निव्वळ कुणाच्या तरी काळजीमुळे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या साठ्यात तपकिरी कागदात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. त्यावर १९४० च्या दशकातल्या एका अभिरक्षकाची चिठ्ठी. आत घडी घातलेलं कापड. तंतू इतके ठिसूळ की घडी उलगडायला गेलं तर तुकडे पडावेत. संवर्धकांनी कापडाला सावकाश दमटपणा देऊन ते मऊ केलं आणि इंचाइंचाने उलगडलं. आतून निघालं माणसाच्या उंचीचं रंगवलेलं कफन, त्यावर ओसायरिसच्या रूपातला मृत. मजकूर वाचल्यावर कळलं की हा मोंत्सुएफ नावाचा अधिकारी आणि त्याची बायको तानुआत यांचा मुलगा, ज्याची तोवर कुणालाच माहिती नव्हती. आईवडील इ.स.पू. ९ मध्ये वारले हे आधीच ठाऊक होतं, त्यामुळे कफनाचा काळही पक्का करता आला. हे कुटुंब थेब्जच्या ज्या थडग्यात पुरलेलं होतं ते मुळात इ.स.पू. १२९० च्या सुमाराचं, आणि अलेक्झांडर हेन्री ऱ्हाइंड या स्कॉटिश उत्खननकर्त्याने ते १८५७ मध्ये उकरलं होतं. २०१७ मध्ये हे कफन पहिल्यांदा लोकांसमोर आलं.

युरोपात अशी कफनं पहिल्यांदा कुणी नेली?

सर्वांत गाजलेलं नाव पिएत्रो देल्ला व्हाले या रोमच्या प्रवाशाचं. १६१५ च्या डिसेंबरमध्ये कैरोजवळच्या सक्कारा इथे त्याने दोन ममी विकत घेतल्या, एक पुरुष आणि एक स्त्री. पूर्ण लांबीच्या रंगवलेल्या कफनांतल्या, उठावदार लेपावर सोन्याचा वर्ख चढवलेल्या, पुरुषाच्या अंगावर ग्रीक अक्षरांत निरोपाचा शब्द. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या या दोन्ही ममी आज ड्रेस्डेनला आहेत.

हाच देल्ला व्हाले पुढे आपल्या किनाऱ्यावर आला. १६२३ मध्ये तो सुरतेहून चौलमार्गे गोव्याला पोचला. तेव्हा त्याच्या सामानात एक पेटी होती, आणि त्या पेटीत त्याची बायको मानी. बगदादला भेटलेली ही मुलगी १६२१ च्या अखेरीस इराणमध्ये आजारपणात वारली. त्याने तिचा देह मसाला भरून सोबत घेतला, भारतभर जवळ बाळगला आणि १६२७ मध्ये रोमला तिचं दफन केलं. सक्कारात त्याने दुसऱ्यांची मृत माणसं कुतूहलाची वस्तू म्हणून विकत घेतली होती. सहा वर्षांनी त्याला स्वतःच्या माणसाचा देह सोडवेना. मला हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

हे सगळं फक्त श्रीमंतांसाठी होतं का?

बऱ्याच अंशी. देर अल-मदीना या कारागिरांच्या गावातल्या हिशोबांच्या खापऱ्या मिळाल्या आहेत. त्यात साध्या लाकडी पेटीची किंमत साधारण २० ते ४० देबेन तांबं असते (एक देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम). तिथल्या कामगाराला महिन्याला मिळणारं धान्य ११ देबेनच्या आसपास. म्हणजे दोन ते चार महिन्यांची कमाई, आणि हे लोक राजाच्या थडग्यांवर काम करणारे, बरी मजुरी मिळवणारे. शेतमजुराचा देह चटईत गुंडाळून वाळूत जाई. कार्टोनाजमुळे लाकडाचा खर्च वाचला, म्हणून नंतरच्या काळात मधल्या वर्गापर्यंत रंगवलेली आच्छादनं पोचली.

तयार मालही मिळे. काही वस्तूंवर नावाची जागा मोकळी ठेवलेली असते, आणि काहींवर ती कधी भरलीच गेली नाही. जुनी पेटी खरवडून नव्या माणसासाठी रंगवण्याचे प्रकारही एकविसाव्या राजवंशात भरपूर झाले.

पपायरस मिळवण्यासाठी मुखवटे फोडतात हे खरं का?

खरं आहे, आणि ते थांबायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. टॉलेमी काळात रद्दी पपायरस कार्टोनाजमध्ये वापरत: जुने करार, हिशोब, पत्रं, क्वचित ग्रीक साहित्य. पेट्रींना गुरोब इथे असे कागद मिळाले तेव्हापासून अभ्यासकांना मोह पडला. तेब्तुनिस इथे तर मगरींच्या ममी पपायरसात गुंडाळलेल्या निघाल्या आणि त्यातून कागदपत्रांचं मोठं भांडार हाती आलं. पण कागद सुटा करायचा म्हणजे वरचा रंग आणि लेप भिजवून घालवायचा. एक करार वाचण्यासाठी एका माणसाचा चेहरा पुसायचा. आता वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून आणि क्ष-किरणांनी थर न सोडवता मजकूर वाचायचे प्रयोग चालू आहेत. ते जमेपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही.

या चित्रांत चोरांसाठी शाप असतो का?

सहसा नाही. आच्छादनावरची चित्रं मृताच्या बाजूने बोलतात. थडग्याच्या भिंतीवर क्वचित धमकीचा मजकूर मिळतो, तो वेगळा विषय.

भारतात अशी आच्छादनं कुठे बघायला मिळतील?

जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये तुतू नावाच्या स्त्रीची टॉलेमी काळातली ममी आहे. ती इजिप्तमधल्या अखमीम गावच्या पुजारी घराण्यातली. तिच्यावरचा पंखवाला भुंगेरा आणि खालची चित्रं बऱ्यापैकी शाबूत आहेत, आणि वर सांगितलेला संच ताडून बघायला ही उत्तम जागा. २०२० च्या ऑगस्टमध्ये पावसाचं पाणी संग्रहालयात शिरलं तेव्हा कर्मचाऱ्यांनी तिला वेळेवर हलवून वाचवलं. हैदराबादच्या राज्य संग्रहालयात एका मुलीची ममी आहे. तिच्या संवर्धनात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या तज्ज्ञांचा हात होता. बडोद्याच्या संग्रहालयातली ममी महाराजा सयाजीराव गायकवाडांनी आणवलेली. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्येही एक आहे.

बघताना फोटो काढले तर चालतात का?

संग्रहालयाचा नियम पाळा, आणि परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. तीव्र प्रकाशाचा सगळ्यांत जास्त त्रास मनशिळीला आणि हरताळाला होतो. मनशिळीचा नारिंगी-तांबडा रंग प्रकाशात राहून पिवळट भुकटीसारखा होतो, हरताळाचा पिवळा फिका पडतो. त्यामुळे आज पिवळी दिसणारी एखादी पट्टी मुळात नारिंगी असू शकते. शंका असेल तर कडेला, लेपाच्या घडीत, जिथे प्रकाश कमी पोचला असेल तिथे बघा. मूळ रंग तिथे सापडण्याची शक्यता जास्त.